पिरॅमिड माणसांनीच बांधले, आणि त्यातल्या काहींची नावंही ठाऊक आहेत

गिझाच्या पिरॅमिडबद्दलचा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. पिरॅमिड कुणी बांधले याचा लेखी पुरावा नाही, दगडांच्या फटीत कागदही जात नाही, तिथले अक्षांश (२९.९७९२४५८) म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा आकडा (सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर), आणि असं बांधकाम एकदम कुठून उगवलं? म्हणून ते परग्रहवासीयांचं, असा त्याचा निष्कर्ष. कैरोला जाणारे पुष्कळ जण हेच डोक्यात घेऊन तिथे उभे राहतात आणि समोरचं पाहायचं राहून जातं.

आधी लेखी पुरावा. तो आहे, आणि गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्याच काळातला आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. त्यांत मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली साधारण ४० माणसं. तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडक नावेत भरायचा, नाईल आणि कालव्यांतून गिझाला पोचवायचा, परत फिरायचं. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, तेही लिहिलेलं. खुफूचा सावत्र भाऊ अंखाफ हा वरचा अधिकारी, त्याचाही उल्लेख आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कामाची इतकी रोखठोक नोंद हाती असताना ‘पुरावाच नाही’ म्हणणं हा मेररवर अन्याय आहे.

शिवाय या पिरॅमिडच्या आत, राजाच्या दालनावरच्या बंदिस्त पोकळ्यांत कामगारांच्या टोळ्यांनी रंगानं नावं लिहिली आहेत. ‘खुफूचे मित्र’ ही त्यातली एक टोळी. ही अक्षरं १८३७ साली कुणीतरी खोटी रंगवली, असंही सांगतात. पण काही खुणा दोन दगडांच्या सांध्यात आतपर्यंत गेल्या आहेत. दगड बसल्यावर तिथे कुंचला पोचणं शक्य नाही.

कागदाची गोष्ट अर्धीच खरी. बाहेरच्या गुळगुळीत आवरणाचे सांधे खरोखर बारीक होते, पण त्यातले बहुतेक दगड पुढे कैरोच्या बांधकामांसाठी काढून नेले गेले. आज दिसतो तो आतला गाभा: ओबडधोबड दगड आणि फटींत जिप्समचा गिलावा. उत्तरेच्या पायथ्याशी आवरणाचे थोडे दगड उरले आहेत, ते जरूर पाहा.

अक्षांशांचं म्हणाल, तर या पिरॅमिडच्या पायाची बाजू २३० मीटर. म्हणजे साधारण २९.९७८५ ते २९.९८० यांच्या मधला कुठलाही आकडा पिरॅमिडवरच पडतो. आणि प्रकाशाच्या वेगाचा तो आकडा ज्या मीटरमध्ये येतो, ते मापच अठराव्या शतकाच्या अखेरचं.

‘एकदम उगवलं’ हे तर मुळीच नाही. खुफूच्या आधीच्या जोसर राजाचा सक्कारातला पायऱ्यांचा पिरॅमिड सुमारे ६२ मीटरचा. खुफूचा बाप स्नेफेरू यानं दहशूरला एक उभारायला घेतला, पण मध्यावर उतार ५४ अंशांवरून ४३ वर आणावा लागला. तो वाकडेपणा अजून दिसतो. त्यानंतर त्यानं शेजारी लाल पिरॅमिड सरळ उभा केला. ही शिकण्याची धडपड पाहायला एक दिवस राखून ठेवाच.

वेरूळच्या कैलास लेण्याचं श्रेयही असंच परग्रहवासीयांना दिलं जातं. तेव्हा जो संताप येतो, तोच मला इथेही येतो. गिझात कामगारांच्या वस्तीतल्या भट्ट्या आणि जनावरांच्या हाडांचे ढीग उत्खननात मिळाले आहेत. वरच्या उतारावर त्यांच्या कबरी आहेत. सांगाड्यांच्या मणक्यांवर ओझ्याच्या खुणा आहेत, आणि नीट जुळून आलेली मोडकी हाडंही आहेत.