लोनवर सही दोघांची, इंडेक्स टूवर नाव एकाचंच

गेल्या रविवारी धायरीहून माझी मावसबहीण फाईल घेऊन आली. नऊ वर्षं फ्लॅटचा निम्मा हप्ता तिच्या पगारातून जातोय, आता दोघांचं अजिबात पटत नाहीये, वेगळं व्हायचं चाललंय. मला म्हणाली, "ताई, लग्नानंतर घेतलेलं घर आहे, म्हणजे अर्धं माझंच ना?" मी फाईल उघडली. लोनच्या कागदांवर पानोपानी को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार, म्हणून तिची सही, आणि खरेदीचं ॲग्रीमेंट आणि इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा रजिस्ट्रेशनचा उतारा) बघितलं तर फक्त नवऱ्याचं नाव. मला रडूच आलं.

हा गैरसमज आपल्याकडे शिकल्यासवरल्या बायकांमध्येसुद्धा आहे, की लग्न झालं की आपोआप अर्धं-अर्धं. गोव्यात तसं आहे, तिथे पोर्तुगीजांच्या 1867 च्या सिव्हिल कोडमुळे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आपल्याकडे महाराष्ट्रात कागदावर ज्याचं नाव त्याचं घर. पोटगी मागता येते, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घरात राहायचा हक्कही मागता येतो, पण राहायचा हक्क म्हणजे मालकी नाही हो. हप्ते मी भरले म्हणून कोर्टात दावा लावता येतो, पण सगळं सिद्ध आपणच करायचं, बँक स्टेटमेंटं जपून ठेवली असतील तर, आणि त्यात वर्षं जातात.

कर्जाचंही तसंच, नुसतं लग्न झालं म्हणून नवऱ्याचं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड बायकोच्या गळ्यात पडत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचे मिस्टर गेले तर तेराव्याच्या आधीपासून वसुलीवाल्यांचे फोन, "मॅडम तुम्हीच भरा". त्या बिचाऱ्या बांगड्या मोडायला निघाल्या होत्या! त्यांची कुठेच सही नव्हती. अशा वेळी मयताच्या मागे जे राहिलं त्यातूनच वसुली होते, वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच, तिच्या पगाराला किंवा स्त्रीधनाला हात लावता येत नाही. स्त्रीधन फक्त तिचं, हे सुप्रीम कोर्टाने 1985 ला सांगितलं आणि 2024 ला परत सांगितलं, नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी त्याने ते परत करायचं असतं.

पण एकदा को-बॉरोअर म्हणून सही केली की विषय संपला. मग बँक निम्मे नाही, सगळे पैसे एकट्या तिच्याकडून मागू शकते, घटस्फोट झाला तरी, आणि हप्ता त्याने चुकवला तरी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तिचाही बिघडतो. वर मालकीत नाव नाही म्हणून त्या व्याजावरची इन्कम टॅक्सची सूटही तिला नाही. कर्जात पूर्ण वाटा आणि घरात शून्य, हा अन्याय आहे, आणि तो आपण बँकेच्या टेबलावर चहा पीत पीत, "कर गं सही, फॉर्मॅलिटी आहे" ऐकून करून घेतो, याची मला मनापासून चीड येते.

आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या आंबेठाणचे, शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांना सांगत गावोगाव फिरले, की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा, लक्ष्मीमुक्ती म्हणायचे. खेड्यातल्या कितीतरी लोकांनी ते केलं. आणि आपण कोथरूड-बाणेरमध्ये दोन पगारांवर लोन काढून इंडेक्स टूवर एकच नाव घालतो?

ज्यांचं नातं नीट आहे त्यांनी आत्ताच बोला. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने द्यायचं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर अधिभार वगैरे असतो तो वेगळा, लोन चालू असेल तर आधी बँकेची एनओसी घ्या. इन्शुरन्स काढताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी मागा, ते पैसे बायको-मुलांचे राहतात, नवऱ्याला धंद्यात ज्यांचे पैसे द्यायचेत ते लोक त्यावर हक्क सांगू शकत नाहीत. एजंट स्वतःहून बहुतेक सांगत नाहीत.

बहिणीला मंगळवारी वकिलांकडे नेलं, नऊ वर्षांची स्टेटमेंटं काढायला सांगितलीयेत. आणि माझ्या भाच्याचं डिसेंबरात लग्न आहे, फ्लॅट बुक करतायत, पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन. काल रात्री होणाऱ्या सूनबाईला फोन करून विचारलं, ॲग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये तुझं नाव आहे का गं? ती म्हणाली, "आत्या, लोनमध्ये आहे."

ड्राफ्ट बदलायला सांगितलाय.