घरी शिकणारी मुलं व्यवहार नुसता बघून शिकत नाहीत

शाळेऐवजी घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ही मुलं दिवसभर घरातच असतात, पैशाचा व्यवहार बघूनच शिकतात; अठराच्या आत बँकेत खातं मिळत नाही, मग हिशेब कशाचा; फारच वाटलं तर एखादा घरगुती धंदा लावून द्या, सगळं आपोआप कळतं; आणि महिना 1000 रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) सुरू करा, मूल कोट्यधीश होणारच. यातलं एकही विधान तपासल्यावर टिकत नाही, आणि पहिल्याने तर मुलांचं थेट नुकसान होतं.

‘बघून शिकतात.’ एके काळी यात तथ्य होतं. मंगळवार बाजारात आईने पाचशेची नोट मोडली, सुटे मोजून घेतले, पिशवी भरत गेली आणि पाकीट रिकामं होत गेलं, हे मुलाला दिसायचं. आता भाजीच्या गाड्यावरही क्यूआर कोड लटकतो. मोबाइल पुढे केला, आवाज आला, पिशवी हातात. खात्यात किती होते, किती उरले, महिनाअखेर कशी भागणार, यातलं काहीच मुलाच्या नजरेला पडत नाही.

म्हणून पैसे मुलाच्या हातात द्यायला हवेत, आणि खाऊला नव्हे, घरातल्या एका खर्चासाठी. तेराव्या-चौदाव्या वर्षी भाजीपासून सुरुवात करावी. घरातल्या माणसांच्या मानाने आठवड्याची रक्कम ठरवा, समजा 600 रुपये, आणि ती रोख द्या. खरेदी मुलानेच करायची. वहीत पाच रकाने: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. रविवारी संध्याकाळी पाकिटातली रोकड मोजून शिल्लकेशी जुळवायची.

सुरुवातीला ती जुळत नाही, आणि कारणं बहुतेक ठरलेली असतात. सुटे नव्हते म्हणून मेथीचे 40 रुपये बाबांनी मोबाइलवरून दिले. मुलाने खर्च लिहिला, पण बाबांकडून आलेले 40 जमेला धरलेच नाहीत. मग पाकिटात वहीपेक्षा 40 जास्त निघतात. बहिणीला उसने दिलेले 20 लिहायचे राहिले की रोकड कमी भरते. पुढे खातं उघडल्यावर तिसरी चूक हमखास होते: एटीएममधून काढलेले 500 खर्चात पडतात आणि त्यातून आणलेली वस्तूही खर्चात पडते, म्हणजे एकच पैसा दोनदा खर्ची. फरक सापडला नाही तर ‘तफावत’ असं लिहून तेवढी रक्कम मांडू द्या. ओढूनताणून आकडा जुळवायची सवय लागली की ती वही कामातून गेली. पैसे गुरुवारीच संपले तर वरून भर घालू नका. शुक्रवार-शनिवार घरातल्या सगळ्यांनी पिठलं-मटकीवर काढावेत.

‘अठराच्या आत खातं मिळत नाही.’ हे साफ चूक. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये बँकांना दिली आणि एप्रिल 2025 च्या परिपत्रकात ती पुन्हा स्पष्ट केली. रकमेची मर्यादा किती, एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे ज्या त्या बँकेवर आहे. शाखेत ‘मूल स्वतः चालवेल असं खातं हवं’ असं स्पष्ट सांगा, आधार आणि जन्मदाखला सोबत ठेवा. आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, म्हणून एक फरक इथेच सांगून ठेवावा: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही.

‘धंदा लावून द्या, सगळं आपोआप कळतं.’ आपोआप कळतं ते विकायचं कसं एवढंच. शेंगा चटणीचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्याकडचे भाव घाला. शेंगदाणे 5 किलो, 140 रुपयांनी 700. तिखट, लसूण, जिरे, मीठ 200. गॅस 60, पिशव्या आणि लेबल 80. एकूण 1040. मूल याला 5 ने भागतं: किलोला 208. विक्री 300 ने, म्हणजे एकूण 460 रुपये नफा, असा त्याचा हिशेब.

प्रत्यक्षात भाजून साल पाखडल्यावर दाणे घटतात, खवट दाणे बाजूला निघतात, मसाल्याने वजन थोडं वाढतं, चाखायला म्हणून बरीच चटणी वाटली जाते. म्हणून भागायचं ते विकल्या गेलेल्या वजनाने. ते साडेचार किलो भरलं तर किलोला 231 पडले, आणि नफा 1350 वजा 1040, म्हणजे 310. भाजणं, कुटणं, भरणं यात आठ तास गेले असतील तर तासाला 39 रुपये सुटले. आता उधारी. शेजारपाजारी 600 रुपये अडकले तर हातात 750 च राहतात, आणि पुढच्या घाण्याला 1040 लागतात. वहीत नफा आहे आणि दाणे आणायला पैसे नाहीत, हे मुलाने स्वतः मांडून पाहायला हवं. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या मार्केट यार्डात 512 किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती 2 रुपयांचा चेक आला होता. भाव किलोला 1 रुपया, आणि वाहतूक, हमाली, तोलाईचे 509 रुपये 50 पैसे वजा. चटणीच्या हिशेबाशेजारी ती पट्टी, म्हणजे विक्री आणि कपातीचा तो हिशेब, मुलाला लिहायला लावा.

‘महिना 1000, मूल कोट्यधीश.’ वर्षाला 12 टक्के धरले तरी एक कोटी गाठायला 38 वर्षांहून जास्त लागतात. चौदाव्या वर्षी सुरुवात केली तर मूल बावन्न ओलांडतं, आणि महागाई 6 टक्के धरली तर ते एक कोटी आजच्या साधारण साडेदहा लाखांइतकेच. शिवाय 12 टक्क्यांची हमी कोणीच देत नाही. एसआयपी जरूर करा, पण तोच हिशेब 8 आणि 5 टक्क्यांनी मुलाकडून करून घ्या.

त्याहून तातडीचा विषय हप्त्यांचा आहे, कारण अठरा पूर्ण होताच मोबाइलच्या दुकानात तोच समोर येतो. 18,000 चा फोन, 12 हप्ते, ‘फक्त 10 टक्के फ्लॅट’. व्याज 1800, हप्ता 1650. यात व्याज पूर्ण वर्ष पूर्ण 18,000 वर लावलेलं असतं, आणि मुद्दल तर दर महिन्याला फिटत असतं. खरा दर निघतो वर्षाला 18 टक्क्यांच्या जवळ. मुलाला बारा ओळींचा तक्ता करायला लावा: शिल्लक मुद्दल, त्यावर दीड टक्का व्याज, हप्ता, उरलेलं मुद्दल. पहिल्या ओळीत व्याज 270, मुद्दलात फिटले 1380, उरले 16,620. असंच खाली जात राहिलं की बाराव्या ओळीला शिल्लक साधारण 3 रुपये उरते.