अपर वरळीत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. चाळिसावा मजला, तीन बेडरूम, मान डावीकडे पूर्ण वळवली तर समुद्र, आणि पत्ता अपर वरळी. हे अपर वरळी रेल्वेला माहीत नाही, पोस्टमनला माहीत नाही आणि खुद्द वरळीच्याही कानावर आलेलं नाही. ‘लोअर परळ’ म्हटलं की भाव उतरतो, म्हणून बिल्डर लोकांनी लोअरचं अपर केलं आणि परळ पुसून टाकलं. तुम्ही मात्र ठासून अपर वरळीच म्हणा. टॅक्सीवाल्याला कळलंच नाही तर ‘डिलाईल रोड’ असं हळूच सांगा, पण सोबत कोणी नसेल तेव्हाच.

पाहुणे विचारतील, इथे आधी काय होतं? बिनधास्त सांगा, काही नव्हतं, मोकळी जागा होती. आणि हे बोलताना जीभ अडखळू देऊ नका, कारण या भागात ‘मोकळी जागा’ या शब्दावर सरकारने फार मेहनत घेतलेली आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत इथल्या कापड गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गिरणगावात अशी जमीन होती सुमारे ६०० एकर. हिशेब सोपा होता, तिसरीतल्या पोरालाही जमला असता. मग २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची, असं ठरलं. मोकळी म्हणजे जिच्यावर आधीपासून काही उभं नव्हतं ती. गिरणी पाडल्यावर जी मोकळी होते, ती मोकळी नव्हे. आणि गिरणीच्या आवारात गिरणी सोडून मोकळं असतं ते किती? प्रकरण कोर्टात गेलं, २००६ साली सुप्रीम कोर्टानेही बदललेला नियम कायम ठेवला. तुमचा स्विमिंग पूल त्यातलाच एखादा वाटा असू शकतो. पोहताना याचा विचार करू नका, नाकात पाणी जातं.

गिरणी कामगारांच्या संपाबद्दल फार वाचू नका. १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, अडीच लाख कामगार उतरले, एवढं पुरे. एक गंमत मात्र पार्टीत सांगायला चांगली आहे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या हिशेबाने माझे वडील अजून संपावर आहेत. वय ७८. गिरणीत साचे खात्यात होते.

आता शेजाऱ्यांविषयी. तुमच्या टॉवरच्या पुढ्यात, म्हणजे जिथे रस्त्याची धूळ आणि बसचा आवाज आधी पोचतो तिथे, एक बुटकी इमारत दिसेल. ती रिहॅबची, म्हणजे पुनर्वसनाची. तुमची ती सेलची, म्हणजे विक्रीची. चाळ पाडून जे भाडेकरू उरले ते तिच्यात आहेत. त्यांचं गेट मागच्या गल्लीत काढलेलं असतं, त्यामुळे लिफ्टमध्ये वगैरे गाठ पडायची भीती नाही. ही माणसं दार उघडं टाकून बसतात. चोरीची भीती नाही म्हणून नव्हे, सवय आहे म्हणून. चाळीत खोलीतला अर्धा संसार गॅलरीत असे. लसूण सोलणं, अभ्यास, भांडण, पोरीला बघायला आलेल्यांची चौकशी, सगळं कठड्याला टेकून. नव्या इमारतीत गॅलरीच नाही, तर माझी मावशी लिफ्टसमोरच्या चार फुटांत पाट टाकून बसायची. सोसायटीने नोटीस लावली, ‘कॉमन पॅसेजमध्ये बसू नये’. तिला वाचता येत नाही, म्हणून ती नोटिशीखालीच बसली. नोटिशीला टेकून.

चाळीच्या आठवणींनी गहिवरू नका, ते काम आमचं. तसंही चाळीवर गहिवरणारे बहुतेक जण चाळ सोडून तीस वर्षं डोंबिवलीत राहणारे असतात, मी त्यातलाच. सकाळी डबा हातात धरून रांगेत उभं राहण्यात कसलीही काव्यात्मकता नाही. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीत खोली होती १६० चौरस फुटांची. एवढ्यात आठ-दहा माणसं, त्यातलं कोणी तिसऱ्या पाळीहून आलेलं, म्हणून दिवसाही कुजबुजत बोलायचं. आता तिथे ५०० फुटांचं घर मिळतंय, वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ किल्ल्या दिल्या. बाया नव्या घरातल्या घरातला संडास बघून रडल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.

इतर चाळींची गोष्ट एवढी सरळ नाही. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडं वडापावच्या भावात, म्हणून मालकाने डागडुजी सोडली. मग म्हाडाने टेकू लावले. टेकूंना पालवी फुटायची वेळ आली तेव्हा बिल्डर आला. संमतीपत्र, मग संक्रमण शिबिर, मग वाट बघणं. या वाट बघण्यात म्हातारी माणसं गळतात आणि वारसांत भांडणं लागतात. शेवटी घर मिळतं आणि पाठोपाठ मेंटेनन्सचं बिल येतं. महिन्याला शे-सव्वाशे भरणाऱ्या घरात हजारांचं बिल आलं की पोरगा म्हणतो, विकू आणि बदलापूरला मोठं घेऊ. तेव्हा लक्षात ठेवा, इथून कोणालाही कोणी हाकललेलं नाही. सगळे आपणहून गेले.

एप्रिल-मे महिन्यात सावध राहा. लालबागला मिरच्यांची पोती उतरतात, कांडप सुरू होतं आणि अख्ख्या मुंबईच्या बायका वर्षाचा मसाला करून न्यायला येतात. ठसका तुमच्यापर्यंत पोचला तर सोसायटीच्या ग्रुपवर ‘एअर क्वालिटी’ असा विषय काढा. रविवारी ब्रंचला ‘गिरणगाव थाळी’ मागवाल तेव्हा त्यात हाच मसाला असेल, पण ते वेगळं. गणपतीतही दहा दिवस गावाला, म्हणजे लोणावळ्याला, गेलेलं बरं. आवारात गिरणीची जुनी चिमणी शिल्लक असेल तर तिच्यावर लाइटिंग करून घ्या. भोंगा मात्र कोणी परत बसवत नाही, सकाळी सातला तो कोणाला हवाय.

शेवटची सूचना गेटबद्दल. महिन्या-दोन महिन्यांनी एक म्हातारा तिथे येऊन उभा राहील. पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जाची झेरॉक्स. त्याला आत यायचं नसतं. पूर्वी इथेच दारावर पास दाखवून आत जायचं असे, तेव्हा तो सवयीने खिसा चाचपतो. घाबरू नका, ते माझे वडील. परवा गार्डने विचारलं, ‘काका, कुठे जायचंय?’ मग बोलणं निघालं. गार्ड पोरगाच आहे, वांगणीहून येतो, पहाटेची कर्जत लोकल पकडून. वडिलांनी पिशवीतला कागद काढला आणि म्हणाले, आम्हालाही घरं तिकडेच देतायत म्हणे, शेलू-वांगणीला. पाणी कसं आहे तुमच्याकडे? गार्डने खुर्ची पुढे केली आणि पाण्याचं सांगायला बसला.

हे पाण्याचं बोलणं लवकर संपत नाही. तुमची गाडी बॅरियरपाशी खोळंबली असेल तर हॉर्न वाजवा.