'रिकामटेकड्यांच्या गप्पा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

गटात एकत्र शिकण्यातून पर्यावरणपूरक अर्थव्यवहार कसा उभा करता येईल, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "गटात बसून शिकणं म्हणजे रिकामटेकड्यांच्या गप्पा. त्यातून व्यवहार उभा राहत नाही. मोंड्रागॉनचं सालही चुकलंय, आणि फुकटच्या श्रमावर चाललेल्या गोष्टीला तुम्ही नैतिक म्हणता."

सालाचं मान्य. सहकारी उद्योगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्पेनमधल्या मोंड्रागॉन गावातली तंत्रशाळा १९४३ची आणि तिथली पहिली उत्पादक सहकारी संस्था १९५६ची. मी दोन्ही एकाच वर्षात घातली होती, आता दुरुस्त केलं आहे. पण दुरुस्त झालेलं साल तुमच्याच विरोधात जातं : शाळा आधी, कारखाना तेरा वर्षांनी. आणि चूक दाखवायला ती भाषा लागत नव्हती.

'रिकामटेकडे' हा शब्द मला लागला. अकरा वर्षं मी अशी एकत्र शिकण्याची मंडळं चालवते आहे. तिथे येणारी माणसं दिवसभराचं काम संपवून येतात.

गप्पा म्हणता, तर कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडे बघा. १९२८मध्ये तिथल्या एका विद्यापीठाने विस्तार विभाग, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांना शिकवणारा विभाग, काढला, मोझेस कोडी त्याचे प्रमुख होते. मच्छीमार आणि शेतकरी छोट्या अभ्यासमंडळांत बसून आपल्या मालाचा भाव कोण ठरवतं, हे समजून घेऊ लागले. त्याच मंडळांतून पतसंस्था निघाल्या, मासे डबाबंद करण्याचे सहकारी कारखाने निघाले. याला व्यवहार म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता आमच्या दुरुस्ती मंडळात, म्हणजे घरातल्या बिघडलेल्या वस्तू आणून स्वतः दुरुस्त करायला शिकण्याच्या गटात, प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते. माणसं आठ ते बारा. पंधराच्या वर गेली की चार जण काम करतात आणि बाकीचे नुसते बघतात. समजा, पंखा हळू फिरतो. आधी वीज तोडायची, कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकायची, मग मीटरवर मोजायचा. वर २.५ मायक्रोफॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) छापलंय आणि मीटर १.७ दाखवतोय, म्हणजे तो बदलायचा. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालेल. मोठा लावला की पंखा जोरात फिरेल असं वाटतं, पण त्याने वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तापून जळू शकतं. हे सगळं पंख्याच्या मालकाने स्वतःच्या हातांनी करायचं. जाणकाराने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की पंखा सुरू होतो खरा, पण शिकत कोणीच नाही, आणि तो जाणकार गाव सोडून गेला की मंडळ बंद पडतं. मंडळं मोडतात ती बहुतेक याच कारणाने.

शिवाय प्रत्येक वस्तूची वहीत नोंद : बिघाड, सुटा भाग, लागलेली मिनिटं, जमलं की नाही. 'जमलं नाही' या नोंदी सगळ्यांत मोलाच्या. आवरण गोंदाने चिकटवलेलं, भाग वेगळा मिळतच नाही, बॅटरी काढता येत नाही. अशा पंचवीस-तीस नोंदी झाल्या की कुठली वस्तू विकत घ्यायचीच नाही हे कोणी शिकवावं लागत नाही. वारंवार लागणारे भाग मग एकत्र मागवले जातात, त्यासाठी वर्गणी निघते, वर्गणीला हिशेब लागतो, हिशेबाला दोन सह्या. संस्था इथून सुरू होते. घाईने आधी संस्थेची नोंदणी करून मागाहून काम शोधणाऱ्या गटांचं काय होतं, ते मी पुरेसं पाहिलं आहे.

फुकट श्रमाबद्दल : वहीत मिनिटांचा रकाना त्यासाठीच असतो. मोबदला किती आणि कधीपासून, हे मंडळ ठरवतं. त्यावर इथे लांबण लावत नाही.

प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. पुढची लिहाल तेव्हा एखाद्या मंडळाची वही आधी चाळा आणि तिच्यातल्या कुठल्या नोंदीवर आक्षेप आहे तेवढं लिहा. त्याला मी नक्की उत्तर देईन.