निगेटिव्ह मुलगी नको म्हणणाऱ्यांसाठी

परवा मामेबहिणीचं विट्याचं स्थळ मोडलं. पत्रिका जुळली, शिक्षण जुळलं, पण बायोडेटात ओ निगेटिव्ह बघून मुलाची आई फोनवर म्हणाली, "निगेटिव्ह मुलगी नको, पुढं बाळाला त्रास होतो." खूप राग आला. लग्नाआधी रक्तगटाची एवढी चौकशी करणारी माणसं लग्नानंतर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि खरी गरज तेव्हाच असते.

माझी धाकटी बहीण बी निगेटिव्ह, तिचा नवरा बी पॉझिटिव्ह. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं. तालुक्याच्या गावात पिशवी साफ केली, संध्याकाळी घरी सोडलं. फाईलच्या कोपऱ्यात लाल पेनानं रक्तगट लिहिलेला होता, तरी अशा वेळी निगेटिव्ह बाईला द्यायचं अँटी-डीचं इंजेक्शन कुणी दिलं नाही. आम्हीही विचारलं नाही. बाळंतपण थोडंच झालंय, असंच वाटलं सगळ्यांना.

पण गर्भ पडतानाही बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर ते परकं समजून त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी तयार करतं. या अँटीबॉडी पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या लाल पेशी फोडतात. ७२ तासांच्या आत इंजेक्शन दिलं तर हे टळतं. एकदा अँटीबॉडी तयार झाल्या की मग त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या वेळी तिची कूम्ब्ज टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे रक्तात या अँटीबॉडी तयार झालेल्या होत्या. मिरजेला किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत. बाळ पहिल्याच दिवशी पिवळं पडलं, त्याचं रक्त बदलावं लागलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर निळा उजेड. सिस्टर बोटानं नाकाचा शेंडा दाबून सोडायच्या आणि तिथं हळदीसारखा डाग दिसायचा. बहीण ओली बाळंतीण, तरी काचेबाहेर उभी. आज भाचा चार वर्षांचा आहे, ठणठणीत आहे.

हे इंजेक्शन १९६८ पासून जगात मिळतंय. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८ व्या आठवड्याला एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरं. गर्भ पडला, नळीत राहिला, पोटावर मार लागला, तरीही डॉक्टरांना विचारायचंच. नवराही निगेटिव्ह असेल तर हा प्रश्नच येत नाही. आणि नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला म्हणून काही बिघडत नाही, तेही एकदा डोक्यातून काढा.

मामी आता बायोडेटातून रक्तगटाची ओळच काढते म्हणतेय. मी म्हटलं, राहू दे. पुढच्या स्थळाला माझा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी.