दोन पोकळ बिलेट आणि टीसीबद्दलचा गैरसमज

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. आमच्या ३०४ एल स्टेनलेसच्या १६० मिमी चौरस बिलेटपासून (बिलेट म्हणजे रोल करण्याआधीची ओतीव पोलादाची लांब कांडी) तुम्ही ७५ मिमी गोल बार रोल केले, त्यातले काही बार गाभ्यात पोकळ निघाले. धातू तपासायच्या हातातल्या गनने तपासलं तर मशीन ‘३०४’ दाखवतं, म्हणून ‘३०४ एल’ लिहिलेलं टीसी (मालाचं टेस्ट सर्टिफिकेट) खोटं, असं तुम्ही लिहिलंय. आणि फोन केला तेव्हा आमच्या माणसाने ‘टीसी ओके आहे, तुमची फर्नेस बघा’ असं सांगून हात वर केले. पोकळीची आणि फोनची तक्रार खरी आहे, दोन्हीबद्दल माफी मागतो. टीसी मात्र खोटं नाही.

तुम्ही पाठवलेल्या बारच्या चकत्यांपैकी एक मी स्वतः गरम हायड्रोक्लोरिक आम्लात एच करून, म्हणजे आम्लाला पृष्ठ खाऊ देऊन, पाहिली. मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. बारीक तार घातली तर आरपार गेली. दुसरी चकती आम्लात न घालता उभी चिरली, तेव्हा पोकळीच्या भिंतीवर करडा-काळा पापुद्रा दिसला. तो पाहिल्यावर तुमच्या फर्नेसचा प्रश्नच उरला नाही.

कंटिन्युअस कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यातून सलग ओतून बिलेट काढताना, पोलाद कडेकडून आत गोठत जातं आणि गोठताना आक्रसतं. वरून द्रव येत असतो तोवर मधली जागा भरत राहते. टंडिश (साच्यावरचं द्रव पोलादाचं भांडं) रिकामा झाला की स्ट्रँडच्या (साच्यातून सलग निघणाऱ्या दांड्याच्या) शेवटच्या तुकड्याला भरायला काही उरत नाही, आणि तिथे नळीसारखी पोकळी राहते, जिला आपण पाइप म्हणतो. ती वरून उघडी असल्याने हवा आत जाते आणि भिंतींवर ऑक्साइड चढतं. इतर बिलेटच्या गाभ्यातही थोडी बारीक सच्छिद्रता असते, पण तिथे हवा पोचलेली नसते, त्यामुळे पुरेसं रोलिंग झालं की ती दाबली जाऊन सांधते. ऑक्साइड चढलेली भिंत सांधत नाही. १६० चौरसाचं ७५ गोल करताना क्षेत्रफळ जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतं, तरी तुमच्या बारमधली ती नळी मिटली नाही. बारीक झाली आणि लांबत गेली, एवढंच.

म्हणून शेवटचे तुकडे आम्ही बाजूला काढतो आणि पोकळी संपेपर्यंत टोक कापतो. आमचं मशीन दोन स्ट्रँडचं आहे, म्हणजे कास्टिंग संपताना असे तुकडे दोन. तुमचे सगळे पोकळ बारही दोनच बिलेटचे निघाले. यार्डात हिशेब लावला तेव्हा उलगडा झाला. या तुकड्यांवर आमची माणसं बाजूच्या पृष्ठावर खडूने खूण करत होती. ग्राइंडिंगमध्ये तेच पृष्ठ घासलं गेलं, खूण गेली, आणि दोन्ही तुकडे टोक न कापताच चांगल्या थप्पीत जाऊन बसले. घासल्यावर पुसली जाईल अशी खूण आम्ही इतकी वर्षं चालू ठेवली, याचं मला फार वाईट वाटतं.

‘अल्ट्रासॉनिक केलं नव्हतं का?’ हा तुमचा सवाल रास्त आहे. ऑस्टेनिटिक स्टेनलेसच्या कास्ट बिलेटमध्ये दाणे मोठे आणि लांबट असतात. त्यात ध्वनी विखुरतो आणि पडद्यावर इतका गोंगाट येतो की निकालावर भरवसा ठेवता येत नाही. रोल केलेल्या बारवर हीच चाचणी उत्तम चालते. म्हणजे कास्ट मालात टोक नीट कापणं हाच खरा बंदोबस्त, आणि नेमकं तेच आमच्याकडून राहिलं.

आता टीसीबद्दल. तुमची गन एक्स-रेवर चालणारी आहे. ती क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते, कार्बन दाखवत नाही, कारण इतकं हलकं मूलद्रव्य तिला दिसतच नाही. ३०४ आणि ३०४ एलमधला मुख्य फरक तर कार्बनचाच आहे: एलमध्ये तो जास्तीत जास्त ०.०३ टक्के. तुमच्याच चकतीवर आम्ही स्पार्क स्पेक्ट्रोमीटरने तपासलं, ०.०२४ आला. टीसीवर ०.०२२ आहे. आमच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या पसंतीच्या बाहेरच्या लॅबमध्ये करून घ्या, बिल आम्हाला पाठवा.

पण टीसी बरोबर असलं म्हणून फोनवर मिळालेलं उत्तर बरोबर ठरत नाही. टीसीवरची केमिस्ट्री त्या हीटच्या, म्हणजे एका खेपेत वितळवलेल्या, द्रव पोलादाची असते. प्रत्येक बिलेटच्या पोटात काय आहे हे ती सांगत नाही. चकती न बघता, हीट नंबर न विचारता फर्नेसकडे बोट दाखवणं ही वेळ मारून नेणं झालं. कास्ट मालाच्या तक्रारीवर नमुना पाहण्याआधी कुणीही मत द्यायचं नाही, असं मी सेल्सच्या सगळ्यांना सांगितलंय.

दोन्ही बिलेटच्या जागी नवीन माल तयार आहे. वाया गेलेल्या रोलिंगचा खर्चही आमच्याकडे लावा, क्रेडिट नोट काढतो. शेवटच्या तुकड्यांवर आता टोकाच्या तोंडावर अक्षर ठोकतो आणि त्यांची थप्पी वेगळी ठेवतो. टोक कापल्यावर एक चकती एच होऊन मधला भाग भरीव दिसल्याशिवाय तो तुकडा पुढे जात नाही. गेल्या तीन महिन्यांच्या डिस्पॅचची नोंदही काढली. ज्या हीटमध्ये शेवटच्या तुकड्यांचा हिशेब लागला नाही, त्यांच्या ग्राहकांना आम्हीच फोन केले.

तुमच्याकडे याच हीटची सात बिलेट अजून रोल व्हायची आहेत. आमच्या नोंदीप्रमाणे ती मधली आहेत, तरीही फर्नेसमध्ये घालण्याआधी दोन्ही टोकांची एकेक चकती कापून बघा. तुमची हरकत नसेल तर आमचा क्वालिटीचा माणूस सोमवारी येऊन तुमच्यासमोर एच करून दाखवेल.