पोकाहाँटसची प्रेमकथा आणि मक्याचा हिशेब

फॉरवर्ड होत होत ती गोष्ट बहुतेकांपर्यंत पोचलीच आहे. इंग्रज अमेरिकेत उतरले. तिथल्या भाबड्या आदिवासींनी काचेच्या मण्यांवर भाळून त्यांना जमीन देऊन टाकली. राजा पाउहाटन हा कॅप्टन जॉन स्मिथचं डोकं ठेचणार, तेवढ्यात त्याची तरुण मुलगी पोकाहाँटस मध्ये पडली. मग दोघांचं लग्न, लंडनची वारी, आणि पुढे ती जमात नामशेष. यातली लंडनची वारी तेवढी खरी.

आधी प्रेमाचं बघू. डिसेंबर 1607 मध्ये स्मिथ पकडला गेला तेव्हा तो 27 वर्षांचा होता आणि ती 10-11 वर्षांची पोर. सुटून आल्यावर त्याने लिहिलेला वृत्तान्त 1608 मध्ये लंडनला छापला गेला. राजाने आपलं आगतस्वागत केलं, मोठमोठ्या ताटांतून जेवू घातलं आणि चार दिवसांत सोडण्याचं वचन दिलं, असं त्यात आहे. दगडावर टेकवलेलं डोकं, उगारलेले सोटे, धावत आलेली मुलगी, यातलं काहीच नाही. तो सगळा थरार येतो 1624 च्या पुस्तकात. तोवर पोकाहाँटस आणि तिचा बाप दोघेही वारले होते, म्हणजे खोटं म्हणायला कोणी उरलं नव्हतं. त्याच पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तुर्कांच्या गुलामगिरीत आपल्याला मदत करणाऱ्या एका बाईचेही आभार आहेत. कॅप्टनसाहेब जिथे अडचणीत, तिथे एखादी बाई हजर! काही अभ्यासक म्हणतात की प्रसंग घडलाही असेल, पण तो परक्याला आपल्यात सामावून घेण्याचा विधी असावा आणि स्मिथला तो कळला नसावा. तसं मानलं तरी प्रेमाचा त्यात संबंध येत नाही.

लग्न झालं ते जॉन रॉल्फ नावाच्या तंबाखूवाल्याशी, एप्रिल 1614 मध्ये. स्मिथ 1609 मध्येच बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजून मायदेशी परतला होता. फॉरवर्डमध्ये हमखास गळतो तो मधला भाग असा, की 1613 मध्ये कॅप्टन आरगॉलने तिला फसवून जहाजावर नेलं आणि ओलीस ठेवलं. मदत करणाऱ्या स्थानिक प्रमुखाला बक्षीस म्हणून तांब्याचं भांडं मिळालं. बापाकडे मागणी होती ती धरलेले इंग्रज, त्यांची हत्यारं आणि मका यांची. कैदेतच तिचा बाप्तिस्मा होऊन ती रिबेका झाली. अशा मुलीच्या होकाराला किती अर्थ द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. कोकोम नावाच्या माणसाशी तिचं आधीच लग्न झालं होतं, अशी नोंद एका इंग्रजानेच केली आहे.

आता मणी आणि भाबडेपणा. पाउहाटन म्हणजेच वाहुनसेनाकॉ याला वारशाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जमाती मिळाल्या होत्या. 1607 पर्यंत युद्ध, सोयरीक आणि धाक यांच्या जोरावर त्याने 30 च्या आसपास जमाती आपल्याखाली आणल्या. इतिहासकारांच्या अंदाजाने ही 14-15 हजार माणसं होती. त्यांच्याकडून मका, कातडी, तांबं अशी खंडणी यायची. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला वसाहत करायला उतरलेले इंग्रज 104. त्यांना चिरडणं अशक्य नव्हतं, पण तांबं आणि हत्यारं मिळवायला हे लोक त्याच्या उपयोगाचे होते.

स्मिथच्याच पुस्तकात, त्या डोकं वाचवण्याच्या प्रसंगानंतर लगेच, राजाने काय मागितलं ते दिलंय: दोन तोफा आणि हत्यारांना धार लावायचा दगड. बदल्यात एक मुलूख देऊ आणि तुला मुलासारखं मानू. स्मिथने राजाच्या माणसांना तोफा दाखवल्या, उचला म्हणाला. त्या काही त्यांना उचलेनात. मग एक तोफ दगड भरून झाडावर डागली, फांद्यांवरचा बर्फ कोसळला आणि मंडळी पळाली. शेवटी किरकोळ भेटवस्तूंवर त्यांची बोळवण झाली. मणी हा राजाचा मोह नव्हता, ती इंग्रजांची पळवाट होती.

1608 मध्ये इंग्रज कॅप्टन न्यूपोर्ट त्याला इंग्लंडच्या राजाचा मांडलिक म्हणून 'राज्याभिषेक' करायला गेला. मुकुट घ्यायला गुडघे टेकायचे असतात, हे समजावून इंग्रज थकले. राजा ढिम्म. अखेर खांदे दाबून त्याला जरासा वाकवला आणि कसाबसा मुकुट डोक्यावर ठेवला. परतभेट म्हणून राजाने न्यूपोर्टला आपले जुने जोडे आणि पांघरायची कातडी दिली. याला भाबडा म्हणायचं असेल तर म्हणा.

खरं भांडण मक्यावरून पेटलं. सायप्रस जातीच्या जुन्या झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून कळतं की 1606 ते 1612 हा तिथला जवळपास 800 वर्षांतला सर्वांत कडक दुष्काळ होता. बायकांनी पिकवलेला मका घरच्यांनाच पुरत नव्हता आणि इंग्रज तोच मागत होते, नाही दिला तर बंदुकीच्या धाकाने नेत होते. 1609-10 च्या हिवाळ्यात राजाने रसद तोडली, वसाहतीत जेमतेम 60 माणसं जगली. मग जमीन 'दिली' कशी? ऑगस्ट 1610 मध्ये वसाहतीतल्या जॉर्ज पर्सीने पाउहाटनच्या हाताखालच्या पास्पाहे जमातीचं गाव जाळलं, उभा मका कापला, राणीला आणि तिच्या मुलांना धरलं. मुलांना नदीत फेकून गोळ्या घातल्या, राणीला नंतर तलवारीने मारलं. हे पर्सीने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे रॉल्फची तंबाखू लंडनला खपू लागली तशी इंग्रजांची जमिनीची भूक वाढतच गेली. 22 मार्च 1622 ला पाउहाटनचा भाऊ ओपेचंकनो याच्या लोकांनी एका दिवसात 347 इंग्रज मारले. इंग्रजांनी पुढच्या वर्षी तहाच्या बोलणीत विषारी दारू पाजून सूड घेतला.

जाता जाता: जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही प्रमुख होता. पोकाहाँटसला 1616 मध्ये इंग्लंडला नेणारा सर थॉमस डेल पुढे ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन पूर्वेकडे आला आणि 1619 मध्ये मछलीपट्टणला मेला.

राहिलं नामशेष होणं. पाउहाटनच्या जमातींपैकी पामंकी आणि मॅटापोनी लोक आजही व्हर्जिनियात आपल्या राखीव जमिनीवर राहतात आणि सतराव्या शतकातल्या तहाला धरून दरवर्षी गव्हर्नरला हरीण नेऊन देतात. त्यांना नामशेष करायचा प्रयत्न झाला तो कागदावर. 1924 च्या वंशशुद्धीच्या कायद्याने व्हर्जिनियात माणूस गोरा नाहीतर 'कलर्ड', एवढेच दोन रकाने ठेवले. वॉल्टर प्लेकर नावाच्या अधिकाऱ्याने जन्मनोंदींतून 'इंडियन' (म्हणजे अमेरिकेतला आदिवासी) हा शब्द खोडायचा सपाटा लावला. सवलत एकच होती: एक सोळांश किंवा त्याहून कमी इंडियन रक्त असलेल्याला गोरं मानायचं. कारण राज्यातली बडी घराणी स्वतःला पोकाहाँटसचे वंशज म्हणवून मिरवत होती. तिच्या स्वतःच्या लोकांना मात्र केंद्र सरकारपुढे आपण इंडियन आहोत हे सिद्ध करताना याच बिघडवलेल्या नोंदी आडव्या आल्या. पामंकींना मान्यता मिळाली 2015 मध्ये, आणि व्हर्जिनियातल्या आणखी सहा जमातींना 2018 मध्ये, तीही संसदेत वेगळा कायदा करून घेतल्यावर.